मजकूर आणि साज : मराठी संगणकलेखनातील एका कळजोडीचा पूर्वेतिहास

१. प्रास्ताविक

इतिहासाच्या अभ्यासकाने संगणकाच्या कळफलकावरील एका कळजोडीचा विचार करीत बसावे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटण्याचा संभव आहे. तथापि लेखनसाधनांचा इतिहास हा लेखनाच्या इतिहासाचाच एक भाग होय, हे एकदा मान्य केले म्हणजे या विषयाचे वेगळे समर्थन करण्याचे कारण उरत नाही. बोरू, कागद, शिळाछाप आणि खिळे यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. कळफलकाकडे त्या मानाने दुर्लक्षच झाले आहे.

प्रस्तुत विषय असा. संगणकावर एका ठिकाणचा मजकूर उचलून दुसऱ्या ठिकाणी डकवला, की त्याच्याबरोबर त्याचा साजही येतो. अक्षराचे वळण, आकार, ठळकपणा, रंग, ओळींमधील अंतर हे सर्व मूळ ठिकाणाहून नव्या ठिकाणी उतरते आणि लेखकाच्या स्वतःच्या पानाची शिस्त बिघडते. म्हणून मजकूर लिहिण्याच्या प्रणालींमध्ये 'नुसता मजकूर डकव' अशा अर्थाची एक स्वतंत्र आज्ञा असते, आणि ती आपल्या सोयीच्या कळजोडीवर बसवून घेता येते. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला तिचे प्रयोजन सांगावयास नको.

रोमन लिपीत लिहिणाऱ्याला ही आज्ञा म्हणजे केवळ एक सोय आहे. तिने साज जातो, मजकूर राहतो. मराठीत मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतरही काही वर्षे याच आज्ञेने साजाबरोबर मजकूरही जात असे. असे का घडले, ते केव्हा थांबले आणि ते पुरतेपणी थांबले आहे काय, या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. या इतिहासातील काही महत्त्वाची स्थळे, म्हणजे विक्रोळी, पवई आणि जुहू, मुंबईच्या उपनगरांत आहेत. म्हणून दाखल्यासाठी शब्दही शक्यतो उपनगरांच्या नावांतूनच घेतले आहेत.

२. कळेवर बसवलेले अक्षर

हाताने खिळे जुळवणाऱ्या छापखान्यात देवनागरीसाठी काही शेकडा निरनिराळे खिळे लागत. टंकलेखन यंत्रावर तेवढी जागा नव्हती. तेथे कळा पन्नासाच्या आत, आणि प्रत्येक कळेवर दोन चिन्हे. म्हणजे सारी लिपी शंभराहून कमी चिन्हांत बसवणे भाग होते. यावर दोन उपाय संभवतात. एक तर लिपीच बदलावी, किंवा लिपी तशीच ठेवून अक्षराचे तुकडे करावे. पहिल्या उपायाचे प्रयत्न झाले. १९५३ च्या लखनौ येथील लिपिसुधार परिषदेने ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याची शिफारस केली होती, हे अनेकांस ठाऊक असेल. ती सूचना लोकांनी स्वीकारली नाही व पुढे सोडून देण्यात आली. टिकला तो दुसरा उपाय.

रेमिंग्टन पद्धतीच्या मांडणीत ख, घ, ण, थ, ध, भ, श ही अक्षरे सबंध अशी नाहीतच. त्यांचा डावीकडचा अर्धा भाग एका कळेवर आणि उभा दंड दुसऱ्या कळेवर. हा दंड म्हणजेच काना. त्यामुळे 'घाटकोपर' हा शब्द उमटवताना आरंभीच्या 'घा'साठी दंडाची कळ लागोपाठ दोनदा दाबावी लागते. पहिला दंड घ पुरा करतो, दुसरा त्याला काना देतो. कळ तीच, खूण तीच. परंतु व्याकरणाच्या दृष्टीने पहिली खूण व्यंजनाचा अवयव आहे आणि दुसरी स्वराची. 'विक्रोळी' लिहिताना वेलांटी आधी उमटवून मग व उमटवायचा, कारण कागदावर ती आधी दिसते. 'कुर्ला' लिहिताना रफार सर्वांच्या शेवटी, ल आणि काना उमटल्यावर, कारण तो वरून द्यावयाचा असतो. थोडक्यात, यंत्राला उच्चाराचा क्रम ठाऊक नव्हता. त्याला केवळ आकृतीचा क्रम ठाऊक होता.

कागदापुरते पाहता यात काहीच गैर नव्हते. वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे सबंध शब्द येत असे. तो कोणत्या तुकड्यांनी बनला याची चौकशी करण्याचे कोणासही कारण नव्हते. विक्रोळीला ज्यांचा विस्तीर्ण कारखाना-परिसर आहे त्या गोदरेज आणि बॉइस कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले, आणि पुढे भारतीय लिपींची यंत्रेही काढली. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस त्यांचे उत्पादन थांबले. परंतु तोपर्यंत टंकलेखनवर्गांतून बाहेर पडलेल्या अनेक पिढ्यांच्या बोटांत ही तुकड्यांची मांडणी मुरलेली होती. यंत्रे गेली, बोटांची सवय राहिली. पुढील घटना समजण्यास ही गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

३. खिळ्यांच्या पेटीसारखे फॉन्ट

संगणक कार्यालयांत व छापखान्यांत आला तेव्हा त्याला मूळची ओळख रोमन लिपीची होती. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक, आणि असे एकंदर २५६ क्रमांक, एवढीच त्याची पेटी. मराठी अक्षरे उमटवण्यासाठी फॉन्ट तयार करणाऱ्यांनी एक व्यवहारी युक्ती योजली. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसवले. संगणकाच्या समजुतीने तेथे रोमन अक्षरच असे. डोळ्यांना मात्र मराठी दिसे. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकच्या आयएसएम प्रणालीतील सुरेख व योगेश या नावांचे फॉन्ट, शिवाजी, अशी या घराण्यातील नावे जुन्या मुद्रकांच्या अजून तोंडात आहेत. प्रत्येकाची तुकड्यांची वाटणी निराळी, म्हणून एका फॉन्टमधील मजकूर दुसऱ्यात वाचता येत नसे.

वस्तुतः याहून शास्त्रशुद्ध मार्ग त्याच काळात तयार झालेला होता. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट तंत्र, १९८६ मध्ये पुढे आलेला इनस्क्रिप्ट कळफलक, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झालेली इस्की संकेतप्रणाली यांत अक्षराला आकृतीवरून नव्हे, तर वर्णावरून क्रमांक दिलेला होता. व तो व, वेलांटी ती वेलांटी, आणि क्रम उच्चाराचा. असे असताना छापखान्यांनी तुकड्यांचा मार्ग का धरला? याची दोन कारणे दिसतात. पहिले, पाने लावण्याची पेजमेकरसारखी जी साधने सर्वत्र रूढ होती त्यांना वर्णांवरून आकृती घडवता येत नसे; त्यांना तयार आकृतीच लागत. दुसरे, टंकलेखन शिकलेल्या माणसाला नवीन मांडणी शिकवण्यापेक्षा जुनी मांडणी यंत्रावर चढवणे सोपे होते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड येथील स्थानकांजवळच्या डीटीपीच्या दुकानांतून लग्नपत्रिका, स्मरणिका, गृहनिर्माण संस्थांची इतिवृत्ते आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध जे बाहेर पडले ते याच रीतीने. कागदावर ते निर्दोष होते. परंतु त्यांची जी प्रत संगणकात राहिली, तिच्यात मराठी नव्हतेच. मराठीचा केवळ देखावा होता. त्या देखाव्याचा सारा आधार मजकुराच्या साजावर, म्हणजे अमुक फॉन्ट लावला आहे या एका नोंदीवर होता.

४. डकवण्याची क्रिया

'कापणे' आणि 'डकवणे' हे शब्द संगणकात छापखान्याच्या मेजावरून आले आहेत. पानाच्या मांडणीसाठी मजकुराच्या पट्ट्या कात्रीने कापून गोंदाने चिकटवण्याची रीत आपल्याकडील कलाविभागांतही ब्रोमाइडच्या काळापर्यंत चालू होती. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनी १९७४ नंतर 'जिप्सी' नावाची लेखनप्रणाली एका पुस्तकप्रकाशन संस्थेसाठी सिद्ध केली, तीत ही क्रिया आजच्या ओळखीच्या रूपात प्रकट झाली. पुढे ॲपलच्या लिसा (१९८३) आणि मॅकिन्टॉश (१९८४) या संगणकांमुळे एक्स, सी आणि व्ही या शेजारशेजारच्या कळांवरील तिची योजना जगभर पसरली.

गोंदाने चिकटवलेली पट्टी आपला साज टाकून येऊ शकत नाही. संगणकातील मजकूर येऊ शकतो. याचे कारण असे की, मजकूर उचलला जातो तेव्हा संगणक त्याच्या एकाच वेळी अनेक प्रती स्मरणात ठेवतो. एक प्रत संपूर्ण साजासह, एक कमी साजाची, आणि एक निव्वळ क्रमांकांची. डकवून घेणारी प्रणाली यांतील आपल्याला हवी ती प्रत निवडते. नुसता मजकूर डकवणे म्हणजे या प्रतींपैकी सर्वांत दरिद्री प्रत मुद्दाम मागून घेणे.

आता वरील तुकड्यांच्या फॉन्टमधील मजकुराचे काय होईल ते उघड आहे. साज काढला, की 'अमुक फॉन्ट' ही नोंद गळते. उरतात ते क्रमांक, आणि ते क्रमांक रोमन अक्षरांचे असल्यामुळे पानावर रोमन अक्षरांची व विरामचिन्हांची अर्थशून्य ओळ उमटते. इंग्रजी परिच्छेदाचा अंगरखा उतरला तर माणूस तसाच उभा राहतो. येथे अंगरख्याच्या आत कोणी नव्हतेच. जी आज्ञा इंग्रजी लेखकाला शुद्धीचे साधन वाटे, तीच मराठी लेखकाला संहाराचे साधन वाटली, ती या कारणाने. कळजोडीचा दोष नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी टंकयंत्रासाठी केलेली तडजोड त्या कळजोडीने फक्त उघडी पाडली.

५. जुहू आणि पवई

ही स्थिती पालटली ती युनिकोडमुळे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र विभाग मिळाला, आणि त्याची रचना १९८८ च्या इस्कीवर आधारलेली होती. म्हणजे वर्णांवरून क्रमांक देण्याचे भारतीय तत्त्वच जागतिक संकेतात गेले. 'विक्रोळी'तील व आता आधी नोंदला जातो व वेलांटी मागाहून. 'कुर्ला'तील रफार हा ल च्या आधीचा हलन्त र म्हणून नोंदला जातो. 'घाटकोपर'मधील घ हा एकच वर्ण, आणि काना एकदाच.

मात्र वर्णांची नोंद झाली म्हणून आकृती आपोआप उमटत नाही. ती घडवणारा फॉन्ट लागतो, आणि असा फॉन्ट रेखाटण्यासाठी लिपी व संगणक या दोहोंची जाण असलेला मनुष्य लागतो. येथे रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांचे नाव घेतले पाहिजे. जाहिरातक्षेत्रातून आलेले हे सुलेखनकार ऐंशीच्या दशकापासून पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन करीत होते. तेथून निवृत्त झाल्यावर जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेत त्यांनी काम केले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका विभागातून १९८५ मध्ये निघालेली ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. विंडोज २००० बरोबर जगभर गेलेला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट जोशी यांनी रेखाटलेला होय. तो सुंदर की साधारण, याविषयी मतभेद असू शकतील. ऐतिहासिक दृष्ट्या महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. मराठी मजकूर आता कोणत्याही विशिष्ट कंपनीच्या फॉन्टशी बांधलेला राहिला नाही. साज काढून घेतला तरी तो मराठीच राहिला.

स्थित्यंतर एका दिवसात झाले नाही. विंडोज एक्सपीमध्येदेखील भारतीय लिपींची सोय मूळ तबकडीवरून वेगळी चढवावी लागे, आणि छापखान्यांची पाने लावणारी साधने त्यानंतरही पुष्कळ काळ जुन्याच रीतीने चालत राहिली. त्यामुळे एकच लेखक घरी युनिकोडमध्ये लिहितो आणि छापखाना तेच पुन्हा तुकड्यांत बदलून घेतो, असा विपरीत प्रवाह अनेक वर्षे चालू होता.

६. 'नुसता' म्हणजे किती नुसता?

येथवरच्या कथनावरून असे वाटेल की, युनिकोडनंतर मराठीत मजकूर व साज यांची सीमा स्वच्छ आखली गेली. ते अर्धेच खरे आहे. तीन उदाहरणे पाहावी.

पहिले ल आणि श यांचे. 'बोरिवली' व 'मुलुंड' या नावांतील ल मराठी वळणाने पाकळीचा काढतात, हिंदी वळणाने दंडाचा. राज्य शासनाने २००९ मध्ये व पुन्हा २०२२ मध्ये मराठी वर्णमालेसंबंधी निर्णय काढले. त्यांपैकी २०२२ च्या निर्णयात पाकळीयुक्त ल व देठयुक्त श यांचा पुरस्कार आहे. युनिकोडच्या दृष्टीने मात्र दोन्ही ल एकच. वळण ठरते ते फॉन्टवरून, किंवा 'हा मजकूर मराठी आहे' अशी भाषेची नोंद असल्यास तीवरून. आणि ही दोन्ही साजात मोडतात. नुसता मजकूर डकवला की शासनाने मान्य केलेले वळण जाऊ शकते. शासन ज्याला वर्णमालेचा भाग समजते, त्याला संकेत अलंकार समजतो.

दुसरे उदाहरण 'दुसऱ्या', 'साऱ्या' अशा शब्दांतील आडव्या रकाराचे. हा मराठीचा विशेष दोन रीतींनी नोंदला जातो: एक नुक्त्याच्या ऱ ला हलन्त करून, दुसरी साध्या हलन्त र नंतर एक अदृश्य सांधा घालून. हा सांधा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून काही प्रणाली तो निरुपयोगी समजून गाळतात. गाळला की 'दुसऱ्या'चे 'दुसर्या' होते. संगणकावरील मराठीत हे रूप वारंवार आढळते, आणि त्याचा दोष बहुधा लेखकाच्या शुद्धलेखनावर ढकलला जातो.

तिसरे 'ॲ' या अक्षराचे. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ च्या ५.१ या आवृत्तीत मिळाले. तत्पूर्वी अ वर अर्धचंद्र ठेवून ते लिहीत, व अनेक जण अजून तसेच लिहितात. पानावर दोन्ही सारखीच दिसतात. शोध घेताना मात्र संगणक त्यांना भिन्न समजू शकतो. येथे साज पूर्ण काढूनही मजकूर एकरूप होत नाही.

यावरून निघणारा निष्कर्ष असा की, मजकूर कोठे संपतो व साज कोठे सुरू होतो ही सीमा निसर्गसिद्ध नाही. ती कोणी तरी, केव्हा तरी, काही गरजेपोटी आखलेली असते. टंकयंत्रवाल्यांनी ती एका ठिकाणी आखली, फॉन्टवाल्यांनी दुसऱ्या, संकेतकारांनी तिसऱ्या. मोडी कागदांचे बाळबोधीत रूपांतर करणाऱ्या संशोधकांना हा अनुभव नवा नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. बाळबोधीत उतरवताना तो संपादकाला आपल्या निर्णयाने घालावा लागतो. प्रत करणे ही क्रिया कधीच पूर्णपणे निर्विकार नसते.

७. कळजोडी आणि अभ्यासक

आता मूळ आज्ञेकडे वळू. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही ही कळजोडी दीर्घकाळ केवळ साज डकवण्यासाठी होती. तिने एकही अक्षर येत नसे. २०२२-२३ च्या सुमारास तिचा अर्थ उलटा करण्यात आला, आणि आता तीच केवळ अक्षरे डकवते. लिबरऑफिसमध्ये याच कामासाठी कंट्रोल, आल्ट, शिफ्ट व व्ही अशा चार कळा एकदम दाबाव्या लागतात. दोन्ही ठिकाणी ही योजना बदलता येते. वर्डच्या पर्यायांमध्ये कळफलक सानुकूल करण्याची खिडकी आहे. तेथील सर्व आज्ञांच्या यादीत 'पेस्ट टेक्स्ट ओन्ली' ही आज्ञा निवडून हवी ती कळजोडी नेमावी. लिबरऑफिसमध्ये 'टूल्स' या सदराखालील 'कस्टमाइझ'मध्ये कळफलकाचे पान आहे. वर्डमध्ये ही नेमणूक सामान्यतः त्या संगणकावरील मूळ साच्यात साठते. म्हणून विभागातील संगणकावर केलेली योजना घरच्या संगणकावर आढळली नाही तर आश्चर्य मानू नये. इनस्क्रिप्ट मांडणीत व्हीच्या कळेवर न असतो. परंतु कंट्रोल दाबलेले असताना ती कळ सामान्यतः डकवण्याचेच काम करते.

ही सोय प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने करून घ्यावी, यात शंका नाही. परंतु इतिहास लक्षात घेता दोन पथ्ये पाळणे अवश्य वाटते. पहिले, जुन्या फॉन्टमधील मजकुरावर ही कळजोडी थेट चालवू नये. आधी तो कोणत्या फॉन्टमध्ये आहे हे पाहून टिपून ठेवावे, त्या फॉन्टच्या परिवर्तकाने तो युनिकोडमध्ये आणावा, वेलांट्या, रफार व आडवे रकार मुळाशी ताडून पाहावे, आणि मगच साज उतरवावा. फॉन्टचे नाव एकदा हरवले की पुढच्या माणसाला ते केवळ तर्काने शोधावे लागते. दुसरे, मूळ प्रत नष्ट करू नये. ठळक ठसा, अधोरेखा, तळटीपेचा क्रमांक ही कधी कधी नुसती सजावट नसून पुरावा असतो. अवतरणातील तिरपे अक्षर मूळ लेखकाचे होते की उद्धृत करणाराचे, हे साज गेल्यावर सांगता येत नाही.

या पथ्यांमागे केवळ नीटनेटकेपणाचा आग्रह नाही. २००९ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनंतर प्रबंधांच्या संगणकीय प्रती 'शोधगंगा' या भांडारात जमा होऊ लागल्या. त्यांतील तुकड्यांच्या फॉन्टमध्ये लिहिलेला मराठी प्रबंध पडद्यावर उत्तम वाचता येतो. पण त्यातील एखादा मराठी शब्द शोधू गेल्यास तो सापडत नाही, आणि परिच्छेद उचलून नुसता डकवल्यास रोमन अक्षरांचा ढीग हाती येतो. उपनगरांतील महाविद्यालयांच्या वार्षिकांकांची, स्थानिक साप्ताहिकांची व संस्थांच्या स्मरणिकांची अवस्था याहून कठीण आहे, कारण त्यांच्या संगणकीय प्रती कोठे एकत्र केलेल्या नाहीत. जी दुकाने त्या काळी हे काम करीत, त्यांचे जुने संगणक मोडीत निघाले की त्यांबरोबर त्या फाइलीही जातात. मोडी कागद वाळवीने खाल्ले, याची हळहळ आपण अजून व्यक्त करतो. येथे कागद शाबूत असून अक्षरच वाचता येऊ नये, असा प्रसंग आहे. आणि ज्यांना ते फॉन्ट ठाऊक आहेत अशी माणसे आपल्यात आहेत तोवरच तो टाळता येईल.

सारांश, नुसता मजकूर डकवण्याची कळजोडी ही मराठीपुरती एक कसोटी ठरली आहे. साज काढल्यावर जे उरते तेच खरोखर लिहिले गेलेले असते. टंकयंत्राने आपल्या अक्षरांचे तुकडे केले, फॉन्टने ते तुकडे रोमन क्रमांकांत दडवले, युनिकोडने वर्णाला वर्णाचा मान परत दिला. तरी ल, श आणि आडवा रकार यांच्या बाबतीत हिशेब अद्याप पुरता मिटलेला नाही. तो मिटवण्याचे काम तंत्रज्ञांकडे आहे. जुन्या प्रती वेळेवर ओळखून, ताडून व रूपांतरित करून ठेवण्याचे काम मात्र मराठीच्या अभ्यासकांचे आहे, आणि त्याचा आरंभ प्रत्येकाने आपल्या स्वतःच्या जुन्या फाइलींपासून करण्यासारखा आहे.